हरणांच्या ट्रॉलीची ऑर्डर आणि घेतलेला विसार

प्रश्न (थोडक्यात): सांगली जिल्ह्यात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. एका कृषी पर्यटन केंद्राच्या मालकाने न्यूझीलंडमधल्या हरीणपालनाचे व्हिडिओ दाखवून ट्रॅक्टरला जोडायची बंदिस्त ट्रॉली सांगितली, चाळीस हजार रुपये विसार दिला. सांगाडा उभा झाल्यावर कळलं की तो कुठूनतरी चितळं आणणार आहे, आणि ट्रॉली घेऊन मीच यावं असं म्हणतो. काम सोडलंस तर फसवणुकीची केस करीन, अशी धमकी आहे. काय करू?

उत्तर: काम आजच थांबवा. ट्रॉली घेऊन तर अजिबात जाऊ नका.

न्यूझीलंडचं उदाहरण इथे चालत नाही. तिथली हरणं बाहेरून आणून सोडलेली, पुढे जंगलाला उपद्रव ठरलेली. १९६९ पासून तिथे हरीणपालन कायदेशीर झालं. आपल्याकडे चितळ, सांबर, काळवीट यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं संरक्षण आहे. त्यांना नुसतं पकडणंही कायद्याने शिकारच. ‘पाळलेलीच आहेत, विकत घेतली’ हा बचाव टिकत नाही, कारण बेकायदा पाळलेलं किंवा पैदास केलेलं जनावरही कलम ३९ खाली सरकारचं होतं. त्याच कलमाखाली, गुन्ह्यात वापरलेलं आणि जप्त झालेलं वाहनही. म्हणजे ट्रॅक्टर तुमचा असेल तर तोही हातचा जाऊ शकतो.

तुमची खरी अडचण कलम ५२ आहे. गुन्ह्याला साहाय्य करणाराही गुन्हा करणाराच धरला जातो. ट्रॉली बांधणं हा गुन्हा नाही, पण ती कशासाठी हे माहीत असूनही बांधून दिली, तर ‘मला काय ठाऊक’ म्हणायला जागा उरत नाही. तुम्हाला आता ते माहीत आहे.

आता धमकीचं. फसवणुकीला, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ ला, सुरुवातीपासून लबाडीचा हेतू लागतो. बेकायदा काम नाकारून पैसे परत करणाऱ्याच्या बाबतीत तो दाखवणार कसा? शिवाय करार कायद्याच्या कलम २३ नुसार बेकायदा हेतूचा करारच रद्दबातल. त्याच्या जोरावर तो तुमच्याकडून काम करून घेऊ शकत नाही. मात्र विसार ठेवून घेऊ नका. पूर्ण चाळीस हजार बँकेतून परत पाठवा, रोख नको. सोबत स्पीड पोस्टाने दोन ओळींचं पत्र: ‘आपण सांगितलेला उपयोग वन्यजीव कायद्यात बसत नाही, म्हणून काम थांबवून रक्कम परत केली आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी असल्यास दाखवावी.’ अशी परवानगी एखाद्या मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयाला मिळू शकते. पर्यटन केंद्राच्या कुंपणात ठेवायला मिळेल असं मला मुळीच वाटत नाही.

अँगल-पत्र्याचा खर्च तुमच्या अंगावर पडेल, हे मला कळतं. पण सांगाडा वाया जायची गरज नाही, तो शेळ्यांसाठी वळवा. केंद्रीय मोटार वाहन नियम १२५-ई प्रमाणे शेळी-मेंढीला प्रत्येकी ०.३ चौरस मीटर जागा आणि कायमचे कप्पे लागतात. दहा बाय सहा फुटांच्या ट्रॉलीत त्या हिशेबाने अठराच शेळ्या बसतात. ‘पंचवीस बसवा’ म्हणणारं गिऱ्हाईक येईल, त्याला नाही म्हणा. तळाला निदान पाच सेंटिमीटर पेंढा राहील अशी कड ठेवा, वेल्डिंगची टोकं आतून घासून घ्या, बोकडांचा कप्पा वेगळा करा. ट्रॉली हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे, तेव्हा रंग मारायच्या आधी आरटीओत नोंदणीचं विचारा.

त्या मालकाचे व्हॉट्सॲप मेसेज, व्हिडिओ, कॉलची नोंद यांतलं काही पुसू नका. चितळं खरंच आणली आहेत असं कळलं तर वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. बिचारी जनावरं अशा धावपळीत घाबरूनच दगावतात. चौकशीला बोलावणं आलं तर पत्राची प्रत आणि बँकेची पावती घेऊन, वकिलासोबतच जा.