गोधडीचा काठ: पट्टी कुठली, किती रुंद आणि कोपरे कसे?

प्रश्न: ताई, माझी पहिली गोधडी शिवून झालीय, साईज ६० बाय ८० इंच, पॅचवर्क झालं, धावदोरा झाला, आता फक्त काठ राहिलाय आणि तिथेच अडकलेय. कोणी म्हणतं क्रॉस पट्टीच लाव, कोणी म्हणतं सरळ पट्टी पुरते. कापड किती घेऊ आणि रंग कुठला?

उत्तर: आधी एवढं सांगा, ही गोधडी रोज अंगावर घेणार की भिंतीवर लावणार? कारण गोधडी सगळ्यात आधी काठालाच झिजते, ओढतो आपण काठाला धरून, घासतो तोच, त्यामुळे रंगाचा विचार दुसरा, टिकण्याचा पहिला.

रोज वापरणार असाल तर दुहेरी पट्टी लावा, म्हणजे पट्टी मधोमध लांबीत दुमडून इस्त्री करायची आणि दोन्ही उघड्या कडा एकत्र धरून शिवायची, म्हणजे काठावर कापडाचे दोन थर येतात. आता सरळ की क्रॉस. अगदी उभ्या धाग्याला धरून पट्टी कापली तर काठाच्या घडीवर तेच ते मोजके धागे लांबच्या लांब येतात, ते तुटले की चीर पुढे पुढे जाते. क्रॉस, म्हणजे ४५ अंशात कापलेल्या पट्टीत घडीवर असंख्य धागे तिरके येतात, झीज सगळ्यांत वाटली जाते, म्हणून ती जास्त टिकते. पण कापड जास्त लागतं आणि शिवताना ताणली जाते, नवीन हाताला त्रास होतो. तुमची पहिलीच गोधडी आहे आणि कडा सरळ आहेत, तर माझं मत स्पष्ट आहे, पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, आडवी कापलेली सरळ पट्टी घ्या, तिच्यात थोडी लवचिकता असतेच. कडा गोल किंवा कमानीच्या असत्या तर मात्र क्रॉसच लागली असती, सरळ पट्टी गोलाईवर नीट बसत नाही, चुण्या पडतात.

हिशोब असा: चारी बाजू मिळून २८० इंच, त्यात सांधे आणि कोपऱ्यांसाठी १२ धरा, झाले २९२. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून दोन्हीकडची विणीची किनार काढून टाकल्यावर वापरता येतात साधारण ४०, म्हणजे ८ पट्ट्या. प्रत्येक अडीच इंच रुंद, म्हणजे २० इंच कापड. अर्धा मीटर किंचित कमी पडतो आणि धुतल्यावर सुती कापड आटतं, म्हणून ६० सेंटीमीटर घ्या. (क्रॉसच हवी असेल तर ३० इंचाचा चौकोन लागेल.) पट्ट्या एकमेकींना तिरक्या जोडा, सरळ जोडल्या तर सगळी जाडी एकाच जागी येऊन काठावर गाठीसारखा उंचवटा होतो.

अडीच इंच पट्टी एक सेंटीमीटरपेक्षा थोड्या कमी, म्हणजे ३/८ इंच मायेवर (माया म्हणजे कडा आणि शिवण यांतलं अंतर) शिवली तर काठ छान भरलेला येतो. पण तुमच्या पॅचवर्कमध्ये कडेला चांदण्यांची टोकं असतील तर थांबा! ती टोकं बहुतेक पाव इंचाच्या मायेच्या हिशोबाने बसवलेली असतात, ३/८ वर शिवलं की टोकं कापली जातात. मग पट्टी सव्वादोन इंच घ्या आणि पाव इंचावर शिवा.

रंगाचं म्हणाल तर गडद काठ चौकटीसारखा उठून दिसतो आणि मळ कमी दाखवतो, वरच्या कापडातलाच रंग घेतला तर नजर मधल्या नक्षीवर राहते. रेघांचं कापड क्रॉस कापलं तर तिरक्या रेघांचा फार सुंदर काठ होतो, मला तो मनापासून आवडतो. ठरवायच्या आधी कापडाची घडी करून काठाला पाव-अर्धा इंचच दिसेल अशी लावून लांबून बघा, कारण अख्खं कापड आणि त्याची बारीक पट्टी यात खूप फरक पडतो. लाल किंवा गडद निळं असेल तर ओला पांढरा फडका चोळून बघा, रंग फडक्याला लागला तर फडका पांढरा राहीपर्यंत ते कापड आधी वेगळं धुवा.

प्रश्न: माझे कोपरे नेहमी बोथट येतात आणि कडा लाटांसारख्या होतात. काय चुकतंय?

उत्तर: कोपऱ्याला बहुतेक शेवटपर्यंत शिवत जाताय. जितकी माया, तितकं अंतर आधी थांबायचं, म्हणजे पाव इंचाची माया असेल तर कडेच्या पाव इंच अलीकडे, तिथे टाका पक्का करून दोरा तोडा. गोधडी फिरवा, पट्टी आधी सरळ वर दुमडा, तिरकी घडी पडेल, मग तीच पट्टी खाली आणा, वरची घडी गोधडीच्या कडेशी बरोबर जुळली पाहिजे, आणि कडेपासूनच परत शिवायला घ्या. मागे वळवताना घडी समोरच्या उलट दिशेला घाला म्हणजे जाडी दोन्हीकडे वाटली जाते, आणि कोपऱ्याची ती तिरकी फट दोन-चार टाक्यांनी बंद करा. आत कापूस कमी असेल तर कोपरा पोकळ पडतो, म्हणून कोपऱ्यावरचा थर कातरू नका.

लाटा येतात कारण कडा आधीच ताणलेली असते. मधोमध मोजा आणि दोन्ही बाजूंना मोजा. कडेचं माप मधल्यापेक्षा जास्त निघालं तर पट्टी मधल्या मापाने खुणा करून लावा, चार भाग पाडून टाचण्या लावा आणि कडेचा जास्तीचा भाग हळूहळू त्यात जिरवा. वॉकिंग फूट, म्हणजे वरचा आणि खालचा थर एकसारखा पुढे नेणारा मशीनचा पाय, असेल तर तोच वापरा, त्याने वरचा थर पुढे सरकत नाही. आणि पट्टी ओढून कधीच शिवू नका, ओढली तर काठ आत वळतो.

प्रश्न: मागची बाजू हाताने तुरपू की मशीनवर?

उत्तर: सारखी धुणार असाल, लहान मुलाची असेल, तर मशीन, मजबूत असतं. पट्टी आधी मागच्या बाजूला शिवा आणि पुढे वळवून वरून टीप मारा, म्हणजे दिसणारी टीप तुमच्या नजरेसमोर असते. सावकाश करायला वेळ असेल तर मात्र हाताची तुरपाई करा, पट्टीच्याच रंगाचा दोरा घ्या, टाके जवळ जवळ. टाका फक्त मागच्या अस्तरातून आणि थोडा कापसातून काढा, पुढे यायला नको.

प्रश्न: आजीच्या जुन्या गोधडीचा काठ पूर्ण विरलाय. उसवून टाकू का?

उत्तर: उसवू नका. जुनं कापड उसवताना शेजारचं अस्तरही फाटतं, आणि तो काठ तिच्या हातचा आहे. त्याच्यावरूनच नवी पट्टी बसवा, जरा रुंद घ्या, पावणेतीन ते तीन इंच, म्हणजे जुना काठ आत पूर्ण झाकला जाईल. हातानेच शिवा, आणि नवीन कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात पट्टी आटेल आणि जुन्या कापडाला ओढेल.