वेलनेस इन्फ्लुएन्सर जे सांगतात ते स्वतः पाळतात का?

सगळ्यांचं माहीत नाही, पण तुम्ही विचारलंय म्हणून जे डोळ्यांनी बघितलं ते सांगतो. मी दोन वर्षं एका वेलनेस चॅनलसाठी व्हिडिओ एडिट करायचो, नाव घेत नाही. तिथलं "पहाटे पाचचं रूटीन" आम्ही दुपारी चारला शूट करायचो, पडदे ओढून, एकच लाइट खाली ठेवून, म्हणजे नुकतं उजाडतंय असं वाटावं. हिरव्या ज्यूसचा एक घोट, कट, की ग्लास सिंकमध्ये रिकामा. आणि रात्री दहानंतर फोन बाजूला ठेवा सांगणाऱ्या रीलचे करेक्शन्स मला रात्री अडीचला आले होते.

आता कोणी म्हणेल, सिगरेट ओढणाऱ्या डॉक्टरने सिगरेट सोडा सांगितलं तर सल्ला चुकीचा ठरतो का? नाही ठरत, कारण त्याचा पुरावा त्या डॉक्टरच्या शरीरात नसतो, बाहेर असतो. पण इथे पुरावा म्हणून दाखवतात ते स्वतःचंच शरीर, मग त्यामागचं खरं कारण लपवलं की उरतं काय?

लिव्हर किंग म्हणून एक अमेरिकन आहे, कच्चं लिव्हर खाऊन, आदिमानवासारखं जगून बॉडी कमावली म्हणायचा, सप्लिमेंट्सचा धंदा पण होता, आणि 2022 च्या डिसेंबरमध्ये त्याचे ईमेल्स बाहेर आल्यावर कबूल केलं की स्टेरॉइड्स घेतो. बेल गिब्सन या ऑस्ट्रेलियन वेलनेस ब्लॉगरने तर आहाराने ब्रेन कॅन्सर आटोक्यात ठेवलाय सांगून अ‍ॅप आणि पुस्तक विकलं, कॅन्सर कधी नव्हताच, 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कोर्टाने 4,10,000 ऑस्ट्रेलियन डॉलर दंड लावला.

मला मात्र रॉव्हाना या यूट्यूबरची गोष्ट जास्त लागते. ती रॉ व्हीगन आहार, म्हणजे न शिजवलेलं आणि मांस-मासे, अंडी, दूध काहीच नसलेलं खाणं, शिकवायची, 2019 मध्ये दुसऱ्या कुणाच्या व्हिडिओत तिच्या ताटात मासा दिसला आणि लोक तुटून पडले. मग तिने सांगितलं की तब्येत बिघडली होती, पाळी बंद झाली होती म्हणून अंडी-मासे खायला लागले. अहो, मासे खाल्ले त्यात काहीच चूक नाही, बरंच झालं, पण तो आहार तिलाच झेपला नाही ही एक गोष्ट तिच्या फॉलोअर्सना सगळ्यात आधी कळायला हवी होती आणि नेमकी तीच लपवली गेली.

म्हणून मी आता ते पाळतात का हे बघतच नाही, काय विकतात आणि काय दाखवत नाहीत ते बघतो. औषधं, ट्रेनर, स्वयंपाकाला माणूस, मुलं सांभाळायला कोण. आणि कुणाचंही ऐकून चालू गोळी बंद करू नका, आधी डॉक्टरला विचारा.

त्या पहाटेच्या व्हिडिओखाली तान्हं बाळ असलेल्या एका बाईने लिहिलं होतं की तीन महिने प्रयत्न करतेय, जमत नाही, माझ्यातच काहीतरी कमी आहे. ही पहाट खरी नाही एवढं तिला लिहायला हवं होतं मी. नाही लिहिलं.