टरबुजाला तो ‘क’ म्हणतो

‘अक्षरं सगळी पाठ आहेत, पण ओळखत नाही हो.’ चार-साडेचार वर्षांच्या मुलांचे आईबाबा माझ्याकडे येतात ते बहुतेक वेळा हेच सांगत. मग शेजारच्या त्याच वयाच्या मुलीचं वाचन सुरू झाल्याची बातमी येते आणि शेवटी दबक्या आवाजात प्रश्न येतो, ‘डिस्लेक्सिया वगैरे नसेल ना?’ डिस्लेक्सिया म्हणजे वाचायला-लिहायला शिकताना येणारी अडचण, आणि या वयात असं निदान करायचं नसतं, हे मी लगेच सांगते. पण तेवढ्याने कुणाची काळजी मिटत नाही. म्हणून ओमबद्दल लिहिते. (नाव बदललं आहे.)

ओम ‘अ अननसाचा’पासून सुरू करून एका दमात ‘ज्ञ’पर्यंत पोचायचा. मधलंच एखादं अक्षर विचारलं की मात्र काहीतरी भलतंच सांगायचा. मी त्याच्या आईला म्हटलं, “घरी जसा अभ्यास घेता तसाच इथे घ्या. मी नुसती ऐकते.”

त्यांनी तक्त्यावर ‘ट’वर बोट ठेवलं.

“क,” ओम म्हणाला.

“अरे, काल रात्री घोकलंय आपण! बरं, हे?” बोट ‘ब’वर.

“ड.”

“आणि हे?” आता ‘ण’.

“ब.”

आईचे डोळे भरून आले. “बघितलंत ना मॅडम? तोंडाला येईल ते ठोकून देतो.”

मी तक्ता जवळ घेतला आणि ‘ट’शेजारच्या चित्रावर बोट ठेवलं. “ओम, हे काय आहे रे?”

“कलिंगड.”

“आणि हे?”

“डक.”

“आणि हे?”

“बाण. रामाचा.”

आई काही बोलेनात. त्यांनी तक्त्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. कलिंगडाचा क, डकचा ड, बाणाचा ब. त्याच्या बाजूने पाहिलं तर तिन्ही उत्तरं बरोबर होती. त्याच्या घरात टरबूज हा शब्द कुणी वापरत नाही, बदकाला शाळेत डक म्हणतात, आणि ‘ण’ने मराठीत शब्दच सुरू होत नाही. पोरगं चित्र ओळखत होतं, मनातल्या मनात त्याचं नाव घेत होतं आणि त्या नावाचा पहिला आवाज अचूक सुटा करत होतं. वाचनाच्या वाटेवरचं एक महत्त्वाचं काम हेच, आणि ते त्याला कुणी न शिकवता येत होतं. राहिलं होतं ते अक्षराच्या आकाराकडे बघणं. शेजारी लालभडक कलिंगड असताना तो आकाराकडे कशाला बघेल?

इतकी वर्षं हे काम करून माझं मत पक्कं झालं आहे: मूल ‘चुकतं’ तेव्हा ते कशाचं बरोबर उत्तर देतंय, हे आधी शोधावं. मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणात काम केलेल्या दोघींच्या वाटेने जाणारी आहे. १९४५ साली पालघरजवळच्या बोर्डी गावात त्यांचं काम सुरू झालं तेव्हा पाड्यावरच्या मुलांसाठी त्यांनी साधनं वापरली ती तिथलीच: बिया, शिंपले, पानं, खडे. मुलाच्या हाताला रोज लागतं त्यातून शिकवायचं. अक्षरांच्या चित्रांनाही मी हाच नियम लावते. खटारा, ऐरण, एडका आजच्या फ्लॅटमधल्या मुलाने पाहिलेलेच नसतात. तो खटाऱ्याला बैलगाडी म्हणणार आणि ‘ख’ला ‘ब’.

मग आम्ही तक्ता काही आठवडे भिंतीवरून उतरवला. आधी फक्त कानाचे खेळ. पोळ्या लाटताना आई म्हणायच्या, “मला ‘प’ने सुरू होणारं काहीतरी हवंय.” पाणी, पोळी, पंखा, पप्पा, सगळं चालायचं. अक्षर दाखवायची वेळ आली तेव्हा मात्र कानामात्रा नसलेल्या अक्षराने सुरू होणारे शब्दच घेतले: परात, घर, नळ, मका, बस. पाण्याचं चित्र दाखवून ‘प’ शिकवलं तर मूल ‘पा’ ऐकतं आणि आपण ‘प’ दाखवतो.

चित्रं ओमने स्वतः काढली, घरातल्याच वस्तूंची आणि घरातल्याच नावांनी. कार्डाच्या एका बाजूला अक्षर, चित्र मागच्या बाजूला. आधी अक्षर बघून आवाज सांगायचा, मग कार्ड उलटून आपलं आपण ताडून बघायचं. चित्र शेजारी छापलं की मूल चित्रच वाचतं. मागे गेलं की तेच चित्र आधाराला येतं. हा बदल कुठल्याही घरात आजपासून करता येईल.

दोन-तीन गोष्टी पालकांना आवर्जून सांगते. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व ही दिसायला जवळची अक्षरं ओळखायला देताना एकाच दिवशी देऊ नका. ‘ग म भ न’ हा जुना क्रम हाताला वळण लावायला छान आहे, पण ओळखताना म-भ शेजारी आले की गोंधळ होतो. चमच्यातला च आणि चहातला च वेगळा उच्चारतो आपण, म्हणून सुरुवातीला एकच धरा. ण आणि ळ शेवटी घ्या आणि ‘शब्दाच्या शेवटी काय ऐकू आलं?’ असं विचारा. सुरुवात मुलाच्या नावातल्या अक्षरांपासून करा, त्यांच्यावर त्याचा आधीच जीव असतो.

ओमच्या आईने नंतर विचारलं, “शाळेत इंग्रजी फोनिक्स चालू आहे, त्याची भेसळ नाही होणार?” फोनिक्स म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवणं. उलट मराठीचा इथे फायदाच आहे. इंग्रजीत अक्षराचं नाव ‘बी’ आणि आवाज वेगळा. आपल्याकडे ‘ब’चं नाव तेच आणि आवाजही तोच. कान मराठीत तयार झाला की इंग्रजीतही उपयोगी पडतो. फक्त एक कार्ड, एक भाषा. बदकाच्या कार्डावर घरी बदकच म्हणायचं.

आणि ओमसारखं नसेल तर? म्हणजे चित्राचं नाव नीट सांगता येतं, पण खूप खेळ खेळूनही पाच-साडेपाचपर्यंत पहिला आवाज पकडता येत नाही, बडबडगीतातलं यमक कळत नाही, हाक मारल्यावर वळून बघत नाही, सतत सर्दी आणि कान दुखणं चालू असतं. अशा मुलाची ऐकण्याची तपासणी करून घ्या. कान-नाक-घशाचे डॉक्टर ती लिहून देतात, लहान मुलांचीही होते. रिपोर्ट येईपर्यंत अक्षरांचा अभ्यास थांबला तरी काही बिघडत नाही. गाणी आणि गोष्टी मात्र चालू ठेवा, त्याच्या समोर बसून, त्याला आपलं तोंड दिसेल असं.