नुसतं ‘कर्जत’ लिहू नका

कुळवृत्तांताला, म्हणजे घराण्याचा इतिहास लिहायला, हात घातलात, फार छान केलंत. सुरुवातीला एक सांभाळा: तालुका आणि जिल्हा कळल्याशिवाय गाव वहीत पक्कं करू नका. कर्जत रायगडात आहे तसं अहिल्यानगरातही आहे. मालेगाव नाशिकमध्येही आहे, वाशिममध्येही. जवळचं तेच आपलं असं धरून मी दोन वर्षं चुकीच्या खेडमध्ये पणजोबांचं घर शोधत होतो.

आणि जुना कागद ज्या सालचा, जिल्हा त्या सालातला बघा.

- ‘जिल्हा कुलाबा’ म्हणजे आजचा रायगड. नाव १९८१ मध्ये बदललं.
- वाशिम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होतं.

मोडी लिपीतले कागद, जुन्या नोंदींचे दप्तरखाने नंतर. आधी घरातल्या थोरांना विचारा: कुलदैवत कोणतं, आठवडी बाजाराला कुठे जायचे? बाजाराच्या गावावरून तालुका बहुतेकदा सापडतो.