कामावरची टीका आणि स्वतःची किंमत

तुम्ही लिहिले आहे की, वरिष्ठ तुमच्या अहवालांत सतत चुका काढतात, दर वेळी आपण कशाच्याच लायकीचे नाही असे वाटू लागते, आणि अशा स्थितीत आत्मसन्मान टिकवावा तरी कसा. मी २२ वर्षे भाषांतराचे काम करते आहे आणि हा प्रश्न मला पहिल्याच वर्षी पडला होता.

शालेय विज्ञानाच्या एका पुस्तकाचे भाषांतर मी मोठ्या उमेदीने करून दिले होते. तीन आठवड्यांनी संपादकांनी मला बोलावून घेतले, ते बाड टेबलावर ठेवले आणि चारचौघांच्या देखत म्हणाले, “तुम्हाला मराठी येत नाही.” शाळेत मराठीतला पहिला क्रमांक कधी न सोडलेल्या मुलीला मराठीच येत नसेल, तर येते तरी काय, या विचाराने मी दोन दिवस ते बाड उघडलेसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी उघडले, तेव्हा समासात पेन्सिलीने केलेले शेरे दिसले. ‘पाणी हे १०० अंशांना उकळते’ यातल्या ‘हे’वर काट मारून बाजूला लिहिले होते, ‘कशाला?’ ‘विद्यार्थ्यांच्या द्वारे प्रयोग केला जातो’ या वाक्याखाली रेघ होती आणि समोर ‘विद्यार्थी प्रयोग करतात’ एवढेच. असे शेरे पानोपानी होते आणि त्यांतले बहुतेक बरोबर होते. मला दोन दिवस छळले ते तोंडी ऐकवलेल्या वाक्याने. समासातल्या एकाही शेऱ्यात मात्र माझ्याविषयी अक्षर नव्हते.

या फरकाचे मर्म मला पुढे अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या विचारांत सापडले. १९५५ च्या सुमारास त्यांनी मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे अविवेकी समजुती बदलून मनाचा त्रास कमी करण्याची पद्धत, मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. एलिस यांचे म्हणणे असे की, माणसाच्या कृतीचे मोजमाप जरूर करावे, परंतु त्यावरून अख्ख्या माणसाला गुण देऊ नयेत, कारण जी स्वतःची किंमत यशाने आणि शाबासकीने वाढते, ती अपयशाने आणि टीकेने घटणारच; म्हणून त्यांनी स्वतःचा विनाअट स्वीकार करायला सांगितले. याचा अर्थ चुकांवर पांघरूण घालणे असा मुळीच होत नाही. उलट, चूक कबूल केल्याने आपण कमी ठरणार नाही याची खात्री असली, तरच माणूस ती निवांतपणे पाहू शकतो. मला स्वतःला यातला स्तुतीचा भाग सर्वांत कठीण गेला. कौतुकाच्या वेळी “मी फार मोठी” असे मनाला म्हणू दिले, की पुढच्या टीकेला “मी काहीच नाही” हे आपसूक येते, म्हणून कौतुकही मी आता त्या कामापुरतेच घेते.

तुम्ही एक करून पाहा. टीका ऐकल्यावर ती जशीच्या तशी कागदावर उतरवा आणि त्यात तुमच्या स्वभावाविषयी, बुद्धीविषयी किंवा लायकीविषयी जेवढे शब्द असतील तेवढे खोडा. “तुम्ही निष्काळजी आहात, दुसऱ्या तक्त्यातली बेरीज चुकली आहे” यातला उत्तरार्धच उरेल, आणि बेरीज तपासता येते. कधी कधी सगळे खोडल्यावर काहीच उरत नाही. तेव्हा तुमच्यापाशी दुरुस्त करण्यासारखे काही नाही, हे तितक्याच स्पष्टपणे ओळखा.

असे रिकामे कागद वारंवार निघत असतील, आणि बोलणी सहकाऱ्यांसमोर ऐकवली जात असतील, तर तो अपमान आहे. तो मुकाट सोसणे हा समजूतदारपणा नव्हे. तारीख-वार नोंद ठेवा आणि वरच्या अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. झोप आणि भूक बिघडली असेल, तर समुपदेशकाला भेटायला संकोच करू नका. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

दुरुस्त केलेले बाड घेऊन मी पुन्हा गेले, तेव्हा संपादक पाने चाळत म्हणाले, “अजून जमलेले नाही.” छाती धडधडत होती, तरी मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि विचारले, “कोणत्या पानावर, ते दाखवता का?” त्यांनी चष्मा पुसला, पान ४१ काढले आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.