हेलिकॉप्टरचं शेपूट थरथरतंय म्हणून जायरो बदलायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगडजवळ राहता, कुणाचं तरी वापरलेलं ४५० साइजचं, बेल्टवर शेपटाची पाती फिरणारं फ्लायबारलेस (वरच्या पात्यांना तोल सांभाळणारी दांडी नसलेलं) आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर घेतलंय. जमिनीवरून उचललं की शेपूट थरथरतं. जायरोचा (शेपूट वळलं की ते ओळखून सावरणाऱ्या यंत्राचा) गेन, म्हणजे सावरण्याचा जोर, उतरवला की थरथर जाते, पण मग वाऱ्याची झुळूक आली की शेपूट भरकटतं. नवा जायरो मागवू का, आणि शिकायला समुद्रकिनारा बरा का?

जायरो मागवू नका, आणि किनाऱ्यावर तर ते मुळीच नेऊ नका. मी रत्नागिरीत राहून हेच उद्योग करतो, त्यामुळे खारी हवा आपल्या दोघांची सारखीच.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणातच अर्धं निदान आहे. धडधाकट हेलिकॉप्टरमध्ये गेनचा एक बऱ्यापैकी रुंद पट्टा असतो, ज्यात शेपूट घट्ट धरलेलंही राहतं आणि थरथरतही नाही. तुमच्याकडे तो पट्टाच उरलेला नाही. पकड येते तिथे थरथर सुरू होते, थरथर थांबते तिथे पकड सुटते. असं झालं की दोष बहुतेक वेळा सर्वोपासून (जायरोच्या हुकमावर हलणाऱ्या छोट्या मोटरपासून) शेपटाच्या पात्यांपर्यंतच्या यंत्रणेत कुठेतरी असतो. काहीतरी अडकतंय, नाहीतर काहीतरी सैल आहे. पावसाळ्यात फुगलेलं दार आधी हलत नाही, मग जोर लावला की एकदम उघडतं आणि आपण तोल जाऊन पुढे जातो, तसंच शेपटाच्या स्लायडरचं, म्हणजे पात्यांचा कोन बदलायला शाफ्टवर सरकणाऱ्या भागाचं होतं. सर्वो ढकलतो, स्लायडर अडतो, मग सुटून गरजेपेक्षा जास्त सरकतो. जायरोला ते दिसतं, तो उलट दिशेने ओढतो, तिकडेही तेच. हे सेकंदाला कित्येकदा चालतं, आणि आपल्याला ते थरथर म्हणून दिसतं. नवा महागडा जायरो लावलात तरी तो याच अडणाऱ्या स्लायडरशी झगडणार.

आता हात घाला. आधी बॅटरी काढा. सर्वोच्या आर्मवरची बॉल लिंक (छोट्या गोळ्यावर बसणारं सांध्याचं टोक) काढून पुशरॉड, म्हणजे सर्वोपासून शेपटापर्यंतची सळई, मोकळा करा आणि हेलिकॉप्टर हातात धरून शेपूट वर, मग खाली करा. पुशरॉड आणि स्लायडर जवळजवळ आपल्या वजनानेच सरकायला हवेत. तुमचे सरकणार नाहीत, असं मी पैजेवर सांगतो. भिंगातून शेपटाच्या आडव्या शाफ्टकडे बघा. स्लायडर जिथे ये-जा करतो त्याच्या दोन्ही टोकांना तपकिरी ठिपके नाहीतर पितळी बाहीवर हिरवट साय दिसेल. हे मीठ. घरात शोकेसमध्ये ठेवलेल्या हेलिकॉप्टरलाही आपल्याकडे हे होतं, त्यासाठी समुद्रावर न्यायलाच हवं असं नाही. कानातल्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकच बारीक थेंब द्या. जास्त तेल दिलंत तर धूळ चिकटते आणि पंधरवड्यात तिची वाळूची पेस्ट तयार होते. शाफ्टला खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपरने घासत बसू नका, शाफ्टच बदला, तो स्वस्त असतो. आणि गंज सोडवायचा स्प्रे बेअरिंगवर मारू नका, आतलं ग्रीस धुऊन जातं.

त्यानंतर बॉल लिंका. त्या नायलॉनच्या असतात, आणि नायलॉन दमट हवेत पाणी ओढून किंचित फुगतं. म्हणून पुण्याच्या माणसाने मोकळी करून दिलेली लिंक देवगडात जुलै महिन्यात घट्ट होऊ शकते. बॉलवर बसवलेली लिंक बोटाने टिचकी मारल्यावर सहज डोलली पाहिजे. डोलत नसेल तर ती बॉलवर असतानाच पकडीने बाहेरून हलकेच दाबा, फिरवा, पुन्हा दाबा. हलकेच म्हणजे खरंच हलकेच, कारण जास्त दाबलीत तर ती हवेत निसटते.

अडकणं संपलं की सैलपणा शोधा. शेपटाचं पातं धरून मागे-पुढे हलवा, शाफ्ट डगमगतो का बघा. सर्वो बूमवर (शेपटाच्या लांब नळीवर) ज्या पट्ट्यांनी धरलाय त्या घसरत नाहीत ना? शेपटाची पाती बोल्टमध्ये जखडून टाकलेली नकोत, ती फिरताना आपोआप सरळ रेषेत यायला हवीत. बेल्ट फार सैल असेल तर दात उड्या मारतात. मग कधीकधी शेपूट क्षणभर सुटून परत पकडतं, त्याला थरथर म्हणत नाहीत, पण नवशिक्याला दोन्ही सारखंच वाटतं. सर्वोच्या आर्मवर बॉल कुठल्या भोकात आहे तेही पाहा. अगदी बाहेरच्या भोकात असेल तर सर्वो जरासा हलला तरी स्लायडर भलताच सरकतो. एक भोक आत घ्या. अनेकदा एवढ्यावरच काम होतं.

इतकं करूनही थरथर राहिली तर कंपनाकडे वळा. जुनं हेलिकॉप्टर म्हणजे ते कधीतरी पडलेलं असणारच, विकणारा काहीही सांगो. उडताना लांबून शेपटाच्या उभ्या फिनची (पंखाची) कड दुहेरी दिसते का बघा. दिसत असेल तर ते कंपन जायरोपर्यंत पोचतंय. मेन शाफ्ट आणि फेदरिंग शाफ्ट (दोन मुख्य पाती जोडणारा आडवा दांडा) काढून काचेच्या तुकड्यावर गडगडवा. वाकलेला शाफ्ट लगेच लंगडतो, आणि खालून उजेड सोडला तर काचेची आणि शाफ्टची फट उघडमीट करते. सरळ करायच्या फंदात पडू नका. मुख्य पात्यांपैकी एक वर आणि एक खाली फिरत असेल तर एकाच्या टोकाला रंगीत टेप लावा, म्हणजे कुठलं वर आहे ते कळेल, आणि त्याची पिच लिंक (पात्याचा कोन ठरवणारी लिंक) थोडीथोडी फिरवून दोघांना एका पातळीत आणा. जायरो चिकटवलेला दुहेरी फोम टेपही तपासा. आपल्याकडच्या उन्हाने आणि घामट हवेने तो चिकट लगद्यासारखा होतो.

एक सोपी परीक्षा कानाने घेता येते. शेपूट हलतं त्याच तालात मोटरचा आवाजही चढउतार करतो का? करत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून ईएससीचा (मोटर चालवणाऱ्या सर्किटचा) वेग कायम राखणारा गव्हर्नर, पिनियनचा (मोटरवरच्या छोट्या गिअरचा) स्क्रू आणि मेन गिअरमधलं एकाच दिशेने पकडणारं वन-वे बेअरिंग बघा. मुख्य पात्यांचा वेग वरखाली झाला की शेपटाला सतत नवा हिशेब मांडावा लागतो.

टेबलावर बॅटरी जोडून काही बघायचं असेल तर मोटरच्या तीनपैकी दोन वायरी सोडा. ४५० चं पातं साधारण ३२५ मिमीचं, मिनिटाला २५०० फेऱ्या धरल्या तर टोकाचा वेग ताशी ३०० किमीच्या पुढे जातो. हे खेळणं नाही, हे घरातल्या मंडळींनाही एकदा नीट सांगा.

आता जागा. किनारा मोकळा दिसतो, ओली वाळू सपाट असते, हे खरं. पण ब्रशलेस मोटरमध्ये जबरदस्त चुंबकं असतात आणि आपल्या वाळूत लोहाची काळी खनिजं असतात. रत्नागिरीत मांडवीला तर किनाराच काळा आहे, इल्मेनाइट या अशाच खनिजामुळे. एकदा रोटरच्या वाऱ्याने ती वाळू उडाली की तिच्यातले मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या खनिजाचे कण मोटरच्या आत जाऊन बसतात. फुंकून निघत नाहीत, चिकटपट्टीचं टोक आत घालून टिपून काढावे लागतात. बारीक मिठाचे तुषार वेगळेच.

त्यापेक्षा सडा बरा. जांभ्याचा उघडा कातळ, झाडं नाहीत, माणसं नाहीत. पाऊस संपल्यावर गवत असतं तोवर तर फारच छान. उतरायला जुन्या प्लायवूडचा तुकडा ठेवा. ताडपत्री अंथरू नका, तिची कड उचलली जाते आणि पात्यात येते. वेळ मात्र सकाळचीच, नऊच्या आत. देवगडला पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. उशिरा सकाळी खारे वारे सुरू झाले की नवशिक्याने सामान गुंडाळावं.

यात आपल्या किनारपट्टीची एक खोड आहे. नवशिक्याने हेलिकॉप्टरचं तोंड वाऱ्याकडे करावं आणि स्वतः शेपटामागे उभं राहावं. पण सकाळचे मतलई वारे पूर्वेकडून येतात आणि सूर्यही तिकडेच, संध्याकाळी दोघंही पश्चिमेला. म्हणजे पाठ्यपुस्तकाप्रमाणे उभे राहिलात तर डोळे दिपणार. थोडं तिरकं उभं राहा, ऊन एका गालावर घ्या, टोपी घाला आणि पाच-सहा मीटरपेक्षा जवळ थांबू नका. खाली उतरवल्यावर थ्रॉटल होल्डचं (मोटर बंद ठेवणारं) बटण टाकल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचं नाही.

नियमांचं म्हणाल तर ड्रोन नियम २०२१ मध्ये मॉडेल विमानांना टाइप सर्टिफिकेट (त्या प्रकारच्या यंत्राला मंजुरीचा दाखला) लागत नाही, पण सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशात जागा हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या पट्ट्यात आहे का ते बघून मगच उडवा. चिपीचा (सिंधुदुर्गचा) विमानतळ तुमच्यापासून फार लांब नाही.

आणि जायरोसाठी बाजूला काढलेले पैसे सिम्युलेटर आणि त्याला रिमोट जोडायच्या केबलवर घाला. शेपूट आपल्याकडे ठेवून स्थिर उभं ठेवणं आधी तिथे जमू द्या, मग डावी-उजवी बाजू आपल्याकडे, तोंड आपल्याकडे सगळ्यात शेवटी. उरले तर शेपटाचा शाफ्ट आणि बेल्ट मागवा, तेही दोन-दोन.