डेस्कटॉप दोन, रॅम तीच

प्रश्न : सोसायटीची खजिनदार मी आहे. मेन्टेनन्सची बिलं काढताना एक्सेल, बँकेचं स्टेटमेंट, ब्राउझरमध्ये सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि यूट्यूबवर भजनं, सगळं एकदम उघडं असतं. लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, विंडोज १०. भाचा म्हणाला, ‘मावशी, नवा डेस्कटॉप उघड, मशीन हलकं होईल.’ उघडला, पण ढिम्म फरक नाही. असं का?
— एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : भाच्याने दाखवलेली सोय चांगली आहे, फक्त ती या दुखण्यावरचं औषध नव्हे. विंडोज, कंट्रोल आणि डी एकत्र दाबलं की नवा डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या मांडायला आणखी एक मोकळा पडदा, मिळतो, पण आधीचे प्रोग्राम बंद होत नाहीत, नुसते नजरेआड जातात. एक्सेल तितकीच मेमरी, म्हणजे रॅम, अडवून बसतं, भजन वाजतच राहतं. ४ जीबीतला बराच वाटा विंडोजलाच लागतो. उरलेल्यात सगळं मावेना झालं की मेमरीतला काही मजकूर डिस्कवर उतरवला जातो आणि लागेल तसा परत आणला जातो. डिस्क जुन्या, फिरत्या प्रकारची असेल तर या ने-आणीतच तुमची संध्याकाळ जाते.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबा. टास्क मॅनेजर छोटा उघडला तर ‘मोअर डिटेल्स’वर, मग ‘मेमरी’वर क्लिक करा, सर्वांत खादाड प्रोग्राम वर येईल. माझी पैज ब्राउझरवर. भजनं मोबाइलवर लावा.

फोर्टातल्या ऑफिसात आम्ही विंडोज ३.१ वापरायचो. तिथे एका प्रोग्रामने आपणहून प्रोसेसरचा ताबा सोडला तरच दुसऱ्याची पाळी. एक अडकला की सगळंच ठप्प. १९९५ च्या विंडोज ९५ पासून, निदान नव्या धाटणीच्या, ३२ बिटी प्रोग्रामांपुरता, हा ताबा सिस्टिमच काढून घेऊ लागली. (अमिगा या संगणकाने हे १९८५ मध्येच केलं होतं, पण आमच्या ऑफिसात तो कुठला यायला!) म्हणून आज एक्सेल ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ झालं तरी बाकीचं बहुधा चालू राहतं.

दुसरा डेस्कटॉप ठेवाच, पण व्हॉट्सॲपसाठी. पार्किंगचं भांडण डोळ्यांसमोर नसलं की बेरजा बरोबर येतात. ये-जा करायला विंडोज, कंट्रोल आणि डावा-उजवा बाण. नोंदी ताडून पाहताना मात्र स्टेटमेंटवर विंडोज आणि डावा बाण, एक्सेलवर विंडोज आणि उजवा बाण दाबा. दोन्ही शेजारी-शेजारी बसतील. खजिनदाराला याहून कामाची सोय नाही.

रॅम वाढवायला लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर आधी मॉडेल नंबर देऊन विचारा. काही पातळ लॅपटॉपांत ती बोर्डालाच जोडलेली असते, बदलता येत नाही.